केनियाच्या ई-टीएपासून पिवळ्या कार्डापर्यंत

केनियाला जायचं म्हटलं की कोल्हापुरात जो तो एकच सांगतो, "तिकडं व्हिसा लागत नाही." ते खरं आहे. राष्ट्राध्यक्ष विल्यम रुटो यांनी डिसेंबर २०२३ मध्ये तशी घोषणा केली आणि जानेवारी २०२४ पासून परदेशी पाहुण्यांचा व्हिसा बंद झाला. पण त्याच्या जागी ई-टीए आला, म्हणजे निघण्याआधी इंटरनेटवरून घ्यायची प्रवासाची परवानगी. ती नसेल तर मुंबईतच विमान कंपनीच्या काउंटरवर अडवतात. आणि ती असली तरी परत येताना आपल्याच देशात थांबवून ठेवणारी आणखी एक गोष्ट आहे: पिवळ्या तापाची लस. आई-अण्णांना घेऊन जाताना या दोन्ही गोष्टी मी स्वतः केल्या, एजंट धरला नाही. आपल्याकडून हल्ली बरीच मंडळी तिकडं जायला लागली आहेत. विशेषतः म्हाताऱ्या आईवडिलांना घेऊन जाणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून हे लिहिते आहे.

केनियाच का, तर अण्णांना चित्ता बघायचा होता. संस्थानच्या काळात कोल्हापुरात चित्ते पाळले जायचे. चित्तेवान त्यांना माणसाळवायचे, काळविटाच्या शिकारीसाठी तयार करायचे. डोळ्यांवर झापड बांधलेला चित्ता गाडीवर बसवून माळावर न्यायचे आणि कळप टप्प्यात आला की झापड काढून सोडायचे. आपल्या रानातले चित्ते मिळेनासे झाले तेव्हा, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, कोल्हापूर आणि भावनगर या संस्थानांनी आफ्रिकेतून चित्ते आणवले. त्यातले केनियातूनही आले होते. अण्णांच्या आज्यानं ती गाडी रस्त्यानं जाताना पाहिली होती आणि ते वर्णन आमच्या घरात तीन पिढ्या ऐकलं गेलं. पुढं १९५२ मध्ये भारतातून चित्ता संपल्याचं जाहीर झालं. सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियातून आणलेले चित्ते कुनोत सोडले, तेव्हा अण्णा दिवसभर टीव्हीसमोरून हलले नाहीत. मी म्हटलं, अण्णा, कुनोला जाऊया. ते म्हणाले, "तितं बी जाऊ की. पर आपल्याकडं आल्यालं जितनं आलं, ती जागा एकदा बघायची हाय." सदुसष्ट वर्षांच्या माणसाची एवढी एक इच्छा. मग मी आणि यांनी ठरवलं, ऊसतोडीचा हंगाम सुरू व्हायच्या आत, सप्टेंबरात जाऊन यायचं.

सुरुवातीला शहरातल्या एका एजंटाकडे चौकशी केली. त्यानं माणशी एक मोठा आकडा सांगितला. त्यातली सरकारी फी किती आणि तुमची किती, असं विचारल्यावर "ताई, ते सगळं पॅकेजमध्ये येतं" एवढंच उत्तर मिळालं. मला ते पटलं नाही. कुणी कष्टाचे पैसे घेतले तर माझी हरकत नाही. म्हाताऱ्या माणसांना इंग्रजी फॉर्म भरता येत नाही, त्यांना मदत करणारा हवाच. पण सरकारचे किती आणि माझे किती हे त्यानं सांगायलाच पाहिजे. ई-टीएची मूळ फी माणशी ३० डॉलर आहे, त्यावर कार्डाचे वगैरे थोडे वर. हे ठाऊक असलं की समोरचा आपल्याकडून कशाचे पैसे घेतोय ते कळतं.

इंटरनेटवर शोधायला बसलं की दुसरा सापळा असतो. सगळ्यात वर जाहिराती येतात. त्या साइटवर केनियाचा झेंडा असतो, ढाल-भाल्याचं चिन्ह असतं, 'अर्ज करा' असं मोठं बटण असतं, आणि शेवटी फी दुपटी-तिपटीनं लावलेली असते. सगळ्याच फसव्या असतात असं नाही, काही जण तुमचाच अर्ज खऱ्या साइटवर भरून देतात. पण आपल्या पासपोर्टचा फोटो, पत्ता, फोन नंबर कुणाच्या हातात जातोय ते कळत नाही. केनिया सरकारच्या साइटचा पत्ता 'डॉट गो डॉट केई'ने संपतो, जसा आपल्या सरकारचा 'डॉट गव्ह डॉट इन'ने संपतो. ई-टीएची खरी साइट 'ईटीएकेनिया डॉट गो डॉट केई' ही. शेवटचं 'गो डॉट केई' बघितल्याशिवाय मी कुठंही पासपोर्ट चढवला नाही आणि कुणीही चढवू नये.

ई-टीए या नावानं आपल्याकडे बराच गोंधळ आहे. आमच्या शेजारच्या काकू म्हणाल्या, लंडनला पण आता तेच लागतं म्हणे, मग आमच्या मुलाकडं जायला सोपं झालं. तसं नाही. ही पद्धत ऑस्ट्रेलियानं १९९६ मध्ये सुरू केली, मग अमेरिका, कॅनडा, ब्रिटन अशी पसरली. पण या देशांची इलेक्ट्रॉनिक परवानगी ठरावीक देशांच्या नागरिकांसाठीच आहे. भारतीय पासपोर्टवर तिथं जायचं तर व्हिसाच काढावा लागतो. केनियाचं वेगळं आहे, तिथं आपल्यालाही ई-टीए चालतो. आणि थायलंडनं १ मे २०२५ पासून सुरू केलेलं डिजिटल अरायव्हल कार्ड हा तर निराळाच प्रकार, ते फुकट असतं आणि पोहोचायच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचं असतं. त्यामुळे कुणी "ऑनलाइन फॉर्म भरायचा असतो" असं म्हटलं की कुठल्या देशाचा, कुठल्या पासपोर्टवर, हे दोन प्रश्न आधी विचारावेत.

कामाला लागल्यावर पहिल्यांदा पासपोर्ट काढून बघितले. पोहोचायच्या तारखेपासून पुढं निदान सहा महिने मुदत हवी आणि शिक्क्यासाठी कोरं पान हवं. आई-अण्णांचे पासपोर्ट धाकटा भाऊ मस्कतला होता तेव्हाचे. आईचा ठीक होता, अण्णांचा त्याच वर्षी संपत होता. आता कोल्हापुरातच पोस्टातलं पासपोर्ट सेवा केंद्र आहे म्हणून बरं. पूर्वी यासाठी पुण्याची वारी करावी लागायची. नवा पासपोर्ट आला की नंबर बदलतो, आणि पुढचा प्रत्येक कागद त्या नंबरावर चालतो. म्हणून तो हातात येईपर्यंत मी बाकी काहीही सुरू केलं नाही.

त्यानंतर लस. ई-टीएच्या आधी लशीचं का, ते सांगते.

भारतातून थेट येणाऱ्याला केनिया पिवळ्या तापाचं कार्ड, म्हणजे लस घेतल्याचा दाखला, मागत नाही, कारण आपल्याकडे हा रोग नाही. कार्ड मागतो आपला देश, परत येताना. हा ताप डासांमुळे पसरतो, आणि आपल्याकडे डेंगी पसरवणारा एडिस डास तोच विषाणूही पसरवू शकतो. डास आहे, रोग नाही, अशी आपली स्थिती. बाहेरून एखादा माणूस विषाणू घेऊन आला तर केवढ्याला पडेल, या काळजीनं आपले नियम कडक आहेत, आणि ते असावेतच. केनियाहून येणाऱ्याकडे कार्ड नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात, मग तो भारतीय असो की परदेशी. आणि लस टोचल्यावर लगेच कार्ड चालत नाही. दहा दिवस गेल्यावरच ते ग्राह्य धरतात. एकदा घेतली की मात्र आयुष्यभर चालते. पूर्वी दहा वर्षांनी परत घ्यावी लागायची, जुलै २०१६ पासून ती अट गेली.

ही लस दवाखान्यात किंवा औषधाच्या दुकानात मिळत नाही. सरकारनं ठरवून दिलेल्या केंद्रांवरच मिळते. आम्हाला पुणे जवळ पडलं. तिथं रोज लस देत नाहीत, ठरलेल्या वारी देतात. त्याचं कारण साधं आहे: एका कुपीत अनेकांचे डोस असतात आणि कुपी एकदा विरघळवली की थोड्याच वेळात संपवावी लागते. म्हणून माणसं जमवून देतात. आधी नाव नोंदवावं लागतं आणि गर्दीच्या दिवसांत तारीख लांबची मिळते. म्हणून मी सगळ्यांना सांगते, तिकिटाच्या आधी लशीची तारीख धरा.

माझी खरी काळजी अण्णांच्या वयाची होती. ही जिवंत, पण कमकुवत केलेल्या विषाणूची लस आहे. साठीच्या पुढच्या माणसाला ती पहिल्यांदा देताना जास्त जपावं लागतं, कारण गंभीर दुष्परिणाम दुर्मीळ असले तरी त्यांचा धोका वयानं वाढतो. अंड्याची जोरदार ॲलर्जी असेल, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील, थायमस ग्रंथीचा आजार असेल, तर ती देत नाहीत. हे मी आधी वाचलं होतं, म्हणून आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे दोघांना घेऊन गेले. आईला शुगर, अण्णांना बीपी. डॉक्टरांनी सगळ्या गोळ्या टेबलावर काढायला लावल्या, एकेक पाकीट उलटून बघितलं. मग अण्णांना म्हणाले, "दादा, धोका शून्य नाही. पण तुमची तब्येत बघता घ्यायला हरकत नाही. जायचं पक्कं असेल तरच घ्या, नुसतं घेऊन ठेवायची लस नाही ही." अण्णा म्हणाले, "पक्कं हाय." डॉक्टरांनी चालू औषधांची यादी त्यांच्या कागदावर लिहून, सही-शिक्का मारून दिली. पुण्यात केंद्रावरच्या डॉक्टरांनी तीच यादी मागितली, पुन्हा चार प्रश्न विचारले आणि मगच टोचलं. घरातल्या म्हाताऱ्या माणसाबद्दल डॉक्टरांनी 'घेऊ नका' असं सांगितलं तर सहलीचा हट्ट सोडावा, असं माझं स्पष्ट मत आहे. चित्ता काय, दुसरं काय, जिवापेक्षा मोठं नाही.

पिवळं कार्ड मिळालं. त्यावर नाव आणि पासपोर्टचा नंबर तिथल्या बाई हातानं लिहितात. मी पासपोर्ट उघडून शेजारी धरला आणि अक्षर न् अक्षर ताडून बघितलं. आईच्या नंबरातला एक आकडा एक आहे की सात असं वाटेल असा झाला होता. बाईंना विनंती केली, त्यांनी लगेच नीट करून शेजारी सही केली. मागं रांग होती, पण त्यांनी तोंड वाकडं केलं नाही. दुसऱ्या दिवशी अण्णांचा हात जरा दुखला, अंग कसकसलं, तेवढंच.

मग तिकिटं. मधे दुसऱ्या देशात थांबणारं तिकीट स्वस्त पडत होतं, पण आफ्रिकेतल्या काही देशांतून आलेल्या माणसाला पिवळ्या तापाचे नियम आणखी वेगळे लागतात. म्हणून मुंबई ते नैरोबी थेट विमान घेतलं, सहा-साडेसहा तासांचं. नैरोबीतल्या सफारीवाल्याकडून मुक्कामाचं पत्र मागवलं. त्यानं पहिल्यांदा पाठवलं त्यात माझं एकटीचं नाव आणि पुढं 'अधिक तीन' असं होतं. मी परत लिहिलं, चौघांची नावं पासपोर्टवर आहेत तशी पूर्ण घाला. त्यानं तासाभरात दुरुस्त करून पाठवलं. त्यांना याची सवय असते, मागायला संकोच करू नये.

आता ई-टीएचा अर्ज. पोहोचायच्या तीन महिने आधीपर्यंत तो भरता येतो. निदान तीन कामाचे दिवस हातात ठेवायला सांगतात, मी त्याहून कितीतरी जास्त ठेवले. मंजूर झाल्यापासून ९० दिवसांच्या आत तिथं पोहोचायचं आणि एकदाच आत जाता येतं. म्हणजे मधेच टांझानियाला जाऊन परत केनियात यायचा बेत असेल तर त्याचा वेगळा विचार करावा लागतो. तान्ह्या बाळापासून सगळ्यांना स्वतंत्र ई-टीए लागतो. आईबापाच्या परवानगीवर मूल जात नाही.

लागणारे कागद मोजकेच: पासपोर्टचं फोटोचं पान, चेहऱ्याचा फोटो, जायचं-यायचं तिकीट, मुक्कामाचं पत्र. यातला सगळ्यात जास्त वेळ गेला तो फोटोत.

आमच्या गावाकडच्या घरात सोप्यातली भिंत पांढरी आहे, म्हणून तिथं अण्णांना उभं केलं. अण्णा पांढरी टोपी घातल्याशिवाय कधी चारचौघांत गेले नाहीत. टोपी काढायला सांगितल्यावर ते नुसते उभे राहिले. मी सांगितलं, अण्णा, कपाळ दिसलं पाहिजे, आणि पांढऱ्या भिंतीवर पांढरी टोपी हरवून जाते. त्यांनी टोपी काढली, घडी घातली, खिशात ठेवली आणि हातानं डोक्यावरचे चार केस बसवले. बाहेर पाऊस, आत अंधार. दिवा लावला की मागं सावली पडायची. शेवटी दाराच्या उजेडात तोंड करून उभे केले, मागं आईचं धुतलेलं पांढरं नेसूचं धरलं, तेव्हा कुठं सावलीशिवाय फोटो आला. आईचा पदर डोक्यावरून खाली घेतला, कुंकू तसंच ठेवलं. कुंकवाला काही हरकत नसते. चष्मा मात्र काढायला लावला, काचेवर दाराचा उजेड चमकत होता.

पासपोर्टच्या पानाचं स्कॅनिंग करताना एक गोष्ट नीट लक्षात घ्या. पानाच्या तळाला दोन ओळी असतात, बाणासारख्या खुणांनी भरलेल्या. प्रत्येक ओळ ४४ खुणांची. संगणक खरं तर त्याच ओळी वाचतो. पहिल्या ओळीत देशाच्या नावानंतर आडनाव, मग दोन बाण, मग नाव, एक बाण, आणि त्यापुढं बापाचं किंवा नवऱ्याचं नाव. आपल्याकडे नाव, मधलं नाव, आडनाव असं सांगायची रीत. पण आईच्या पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात आणि 'स्वतःचं नाव' या रकान्यात आईचं आणि अण्णांचं नाव एकापुढं एक छापलेलं. फॉर्मवर मधल्या नावाचा विचार करत बसायचं नाही, पासपोर्टच्या त्या रकान्यात जे आहे ते जसंच्या तसं लिहायचं. तिकिटावरही मी तेच लावलं होतं. पानाचा कोपरा कापला गेला किंवा प्लॅस्टिकवर बल्बचा डाग पडला तर त्या ओळी वाचता येत नाहीत, म्हणून मी पासपोर्ट खिडकीशी सपाट ठेवून, बोटं न दिसतील असा फोटो घेतला.

जन्मतारखेवरून आईला रुखरुख लागली. आईची तारीख १ जून. त्या पिढीतल्या निम्म्या गावाची तारीख १ जूनच आहे, शाळेत घालताना मास्तरांनी लावलेली. आई म्हणाली, "अगं, माझा जन्म तर श्रावणातला. खोटं लिहिल्यासारखं होत नाही का?" मी तिला समजावलं की पासपोर्टवर जी आहे तीच तुझी सरकारदरबारची तारीख, आधार, पासपोर्ट, तिकीट सगळीकडे एकच आहे, आणि त्यांना एवढंच हवं असतं. श्रावणातला वाढदिवस आपण घरी करतोच की. मग तिच्या मनाचं समाधान झालं. अशा शंका हसण्यावारी नेऊ नयेत. कागदाला घाबरणारी माणसं आपल्याकडे खूप आहेत, आणि त्यांचं घाबरणं कशातून येतं ते ज्यांनी त्यांच्यासोबत तलाठ्याच्या दारात हेलपाटे घातलेत त्यांनाच कळतं.

पुढं काही प्रश्न येतात: पूर्वी कधी केनियाला गेला होता का, कुठल्या देशानं प्रवेश नाकारला होता का, कुठला गुन्हा शाबीत झाला आहे का. अण्णा शेजारी बसून मी वाचेन तसं ऐकत होते. गुन्ह्याचा प्रश्न ऐकून ते अस्वस्थ झाले. "माझ्याबद्दल त्यास्नी काय वाटलं म्हणून इचारत्यात?" मी सांगितलं, अण्णा, तुमच्याबद्दल काही वाटून नाही, प्रत्येकाला विचारतात. तरी प्रत्येक प्रश्न मी त्यांना मराठीत सांगितला, त्यांनी 'न्हाई' म्हटल्यावरच खूण केली. सही जरी नसली तरी ते त्यांचं निवेदन आहे. आईवडिलांच्या वतीनं फॉर्म भरताना त्यांना न विचारता पटापट खुणा करत जाणं मला बरोबर वाटत नाही. उद्या नैरोबीत साहेबानं हेच विचारलं तर उत्तर त्यांनाच द्यायचं आहे.

पैसे भरताना कार्ड तपासा. ऑक्टोबर २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे नव्या कार्डांवर परदेशातले व्यवहार सुरुवातीला बंदच असतात. बँकेच्या ॲपमधून आपण स्वतः चालू करायचे आणि मर्यादा ठरवायची. अण्णांचं सहकारी बँकेचं कार्ड या कामाचं नव्हतं, म्हणून यांचं कार्ड वापरलं. ओटीपी यांच्या फोनवर येणार आणि हे रानात, जिथं रेंज तुटक. म्हणून हे संध्याकाळी घरी आल्यावरच पैसे भरायला बसलो. भरून झाल्यावर परदेशी व्यवहार मी परत बंद केले.

नंतर वाट बघणं. साइटवर अर्जाची स्थिती दिसते, ईमेलही येतो. माझा, यांचा आणि आईचा मंजूर झाला आणि अण्णांचा मागं राहिला. अण्णा काही बोलले नाहीत, पण संध्याकाळी फोन करून "आलं का?" विचारायचे. मी ईमेलचा स्पॅमचा कप्पाही बघितला, साइटवरही बघितलं. 'काम चालू आहे' एवढंच. दुसरा अर्ज टाकायचा सल्ला एकानं दिला, तो मी मानला नाही. एकाच पासपोर्टवर दोन अर्ज गेले तर गुंता वाढतो आणि फीही दुबार जाते. हातात वेळ होता, कागद बरोबर होते, म्हणून थांबले. आठवडा उलटायच्या आत त्यांचाही आला. त्यावर फोटो, नाव, पासपोर्ट नंबर, क्यूआर कोड. ते ताडून बघितलं आणि मग अण्णांना फोन केला. ते म्हणाले, "आईला सांग," आणि आईच्या हातात फोन दिला.

महाद्वार रोडच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रत्येकाच्या दोन-दोन प्रती काढल्या. फोनमध्ये असलं तरी कागद हवाच. प्रत्येकाची प्लॅस्टिकची नव्हे तर पुठ्ठ्याची फाइल केली: पासपोर्ट, ई-टीए, तिकीट, मुक्कामाचं पत्र, पिवळं कार्ड, औषधांची यादी. प्लॅस्टिक नको याला कारण आहे. केनियात ऑगस्ट २०१७ पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे आणि जून २०२० पासून अभयारण्यांत एकदा वापरून टाकायचं प्लॅस्टिकही चालत नाही. आईनं भडंग, शेंगदाण्याची चटणी, रव्याचे लाडू असं सगळं पिशव्यांत भरून गाठी मारून ठेवलं होतं. ते सगळं सोडून स्टीलच्या डब्यांत आणि जुन्या धोतराच्या शिवलेल्या पिशव्यांत भरलं. त्या पिशव्या आईनं एका दुपारी मशिनवर बसून शिवल्या.

महालक्ष्मी एक्सप्रेसनं मुंबईला गेलो. चेक-इनला काउंटरवरच्या मुलीनं पासपोर्टनंतर पहिल्यांदा ई-टीएच मागितला, मग परतीचं तिकीट. नावं जुळवली आणि बोर्डिंग पास दिले. नैरोबीला उतरल्यावर घड्याळ अडीच तास मागं घेतलं. तिथल्या अधिकाऱ्यानं क्यूआर कोड वाचला, बोटांचे ठसे, फोटो. ई-टीए असला तरी आत घ्यायचं की नाही हे ठरवायचा अधिकार तिथल्या अधिकाऱ्याचा असतो, म्हणून मी आई-अण्णांना आधीच सांगून ठेवलं होतं की काय विचारतील ते शांतपणे सांगा, मी शेजारी आहे. अण्णांना त्यानं इंग्रजीत विचारलं, कशासाठी आलात. अण्णांनी मराठीत उत्तर दिलं, "चित्ता बघायला." मी इंग्रजीत सांगितलं. त्यानं शिक्का मारला.

मसाई मारा अभयारण्यात चित्ता दिसला, एक मादी आणि तिची मोठी झालेली पिल्लं, वारुळाच्या उंचवट्यावर. त्याबद्दल अण्णांकडूनच ऐकावं, ते हल्ली भेटेल त्याला सांगतात.

परत मुंबईला उतरल्यावर इमिग्रेशनच्या आधी आरोग्य विभागाचं टेबल लागलं. तिथं पिवळी कार्डं काढायला सांगितली. तिथल्या माणसानं लस घेतल्याची तारीख बघितली, पासपोर्टचा नंबर एकेक आकडा बोट ठेवून ताडला. आईच्या कार्डावर दुरुस्ती आणि सही होती तिथं तो थांबला, पासपोर्ट परत बघितला आणि पुढं जायला सांगितलं. आमच्या पुढं सांगलीकडचा एक तरुण होता, कामानिमित्त जाऊन आलेला. त्याच्याकडे ई-टीए होता, कंपनीचं पत्र होतं, पण कार्ड नव्हतं. जाताना कुणी विचारलं नाही, असं तो परत परत सांगत होता. ते खरंच होतं, जाताना कुणी विचारत नाही. त्याला बाजूला बसवलं. घरी त्याचं लहान बाळ वाट बघत होतं. त्याच्या कंपनीच्या ऑफिसातून ई-टीए काढून देणाऱ्या माणसानं एक वाक्य जास्त सांगितलं असतं तर तो त्या रात्री घरी गेला असता. मला त्याचं फार वाईट वाटलं, आणि रागही आला. पैसे घेऊन कागद काढून देणाऱ्यांनी जायचे कागद तेवढे बघितले, यायचे बघितले नाहीत.

आमच्या गल्लीतलं एक कुटुंब आता डिसेंबरात निघालं आहे. आजी बहात्तर वर्षांच्या आहेत. त्यांना मी आधी डॉक्टरांकडे पाठवलं आणि ते काय म्हणतात ते कळेपर्यंत तिकीट काढू नका म्हणून सांगितलं आहे. बाकीच्यांनी पुण्याची तारीख धरली आहे. त्यांचा फॉर्म भरायला रविवारी ते आमच्याकडे येणार आहेत, पासपोर्ट घेऊन.